खांबांवरची शाळा
(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यान)



एखाद्या शाळेच्या इमारतीने साठ वर्षे पाहिली म्हणजे तिचा उपयोग केवळ शिकण्या-शिकवण्यापुरता राहत नाही. तेथे मतदान होते, लसीकरण होते, सभा भरतात. आणि संकट आले म्हणजे माणसे अंथरूण-पांघरूण घेऊन तेथेच येतात. या शेवटच्या उपयोगाचा विचार समारंभाच्या दिवशी सहसा होत नाही. तो आज करावयाचा आहे, आणि त्यासाठी ओडिशाच्या किनाऱ्याकडे वळावयाचे आहे.

ओडिशाच्या किनारी जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्याला एका विशिष्ट धाटणीच्या इमारती वारंवार दिसतात. तळाला भिंती नाहीत, नुसते जाड खांब. वर्ग असतात ते पहिल्या मजल्यावर. रुंद जिना, वृद्ध व अपंगांसाठी रॅम्प आणि वर प्रशस्त गच्ची. आराखडा खरगपूरच्या आय.आय.टी.ने केलेला, ताशी ३०० किलोमीटर वेगाचा वारा सोसण्याच्या हिशेबाने बांधलेला. खालचा मजला मोकळा ठेवण्याचे कारण एवढेच, की समुद्र आत आला तर त्याला वाट मिळावी आणि इमारतीला धक्का लागू नये. सरकारी दप्तरात या वास्तूचे नाव ‘बहुउद्देशीय चक्रीवादळ निवारा’ असे आहे. पण एरवी तेथे शाळा भरते, अंगणवाडी चालते. जेथे मुले सकाळी पाढे म्हणतात, तेथेच वादळाच्या रात्री अख्खे गाव निजते.

ही वास्तू उभी राहिली ती फार मोठी किंमत मोजल्यानंतर. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता आणि समुद्र पाच ते सहा मीटर चढून जमिनीवर कित्येक किलोमीटर आत आला. वादळ किनाऱ्यावरच घुटमळत राहिल्याने वारा आणि पाऊस एक दिवसाहून अधिक काळ थांबले नाहीत. सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातील होती, आणि त्या जिल्ह्यातही सर्वांत मोठा घाला एरसमा विभागावर पडला. चार लाखांहून अधिक जनावरे दगावली. अवघ्या बारा दिवसांपूर्वी, १७ ऑक्टोबरला, दुसरे एक प्रबळ चक्रीवादळ याच राज्याच्या दक्षिणेस गोपालपूरजवळ येऊन गेले होते. संकट अनोळखी नव्हते. हवामान खात्याचे इशारेही दिले गेले होते. मग माणसे घरातच का राहिली?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी वादळात माणूस नेमका कशाने मरतो हे समजून घेतले पाहिजे. ‘सायक्लोन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात कोलकात्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी रूढ केला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो घेतला होता. चक्रीवादळाचे मारे तीन : वारा, पाऊस आणि समुद्राचे चढलेले पाणी. पैकी तिसऱ्या माराला वादळी उधाण म्हणतात. नेहमीची भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. हे उधाण मात्र वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटतो म्हणून येते. बंगालचा उपसागर उत्तरेकडे निमुळता आणि उथळ होत जातो. रेटलेल्या पाण्याला खाली किंवा बाजूला जाण्यास जागा उरत नाही, म्हणून ते वर चढते. त्यातच भरतीची वेळ साधली गेली तर उंची आणखी वाढते. भारताच्या परिसरात वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि उधाणाचा खरा तडाखा त्याच अंगाला बसतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर वायव्येकडे सरकणारे वादळ पुरीच्या नैर्ऋत्येस धडकले तर पुरीला पाण्याचे भय अधिक. तेच वादळ थोडे वर, ईशान्येस गेले तर पुरीला वाऱ्याचा मार बसतो, पाणी मात्र इतरत्र चढते. पन्नास किलोमीटरच्या फरकाने गावाचे दैव बदलते, आणि एवढा फरक शेवटच्या दिवसापर्यंत अंदाजात राहू शकतो.

जगभर या शास्त्रातून एक व्यवहारी नियम निघाला आहे : पाण्यापासून दूर जावे, वाऱ्यापासून आडोसा घ्यावा. बळकट घरात वारा सोसता येतो. चढत्या समुद्रासमोर घराचा बळकटपणा पुरेसा ठरत नाही. म्हणून स्थलांतराचे पट्टे आखले जातात ते मुख्यतः पाण्याच्या उंचीवरून. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात किनाऱ्यालगतच्या वस्त्यांना ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी अक्षरे दिलेली आहेत. सर्वांत सखल पट्टा ‘ए’. तो सर्वांत आधी रिकामा करावयाचा. प्रत्येक घरमालकाला आपल्या पत्त्यावरून आपले अक्षर शोधता येते. तेथील बहुसंख्य कुटुंबांकडे मोटार असते, जाण्यासाठी महामार्ग असतो, हॉटेलांत किंवा नातलगांकडे उतरण्याची सोय असते. आज्ञा निघाली की कुटुंबाने स्वतःच्या साधनांनी बाहेर पडावे, असे त्या व्यवस्थेचे मुख्य गृहीत आहे.

ओडिशाच्या मच्छीमार वस्तीत हे गृहीत लागू पडत नाही. तेथे नकाशावरचे अक्षर पुरेसे नाही. घराच्या भिंती मातीच्या, छप्पर गवताचे किंवा पत्र्याचे. मालमत्ता म्हणजे नाव, जाळी, एक-दोन गुरे आणि भांडीकुंडी. ‘निघा’ असा हुकूम आला तर पुढचे प्रश्न एकापाठोपाठ एक उभे राहतात. जायचे कुठे? म्हातारीला उचलणार कोण? गाईला सोडायचे की बांधून ठेवायचे? मागे चोरी झाली तर? तरुण मुलीने परक्या गर्दीत रात्र कशी काढावी, शौचाला कोठे जावे? आणि वादळ आलेच नाही तर बुडालेल्या रोजीचे काय? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. ज्याच्याजवळ थोडे असते त्याला ते थोडे सोडणे सर्वांत जड जाते. १९९९ मध्ये या प्रश्नांना उत्तरे नव्हती. खास वादळासाठी बांधलेले निवारे राज्यभर पंचवीसहून कमी होते. ‘महाचक्रीवादळ’ या शब्दामागे काय आहे याचा अनुभव जिवंत पिढीला नव्हता, आणि अनुभव असता तरी धावत जाण्याजोगे ठिकाण जवळ नव्हते. इशारा आणि उंबरठा यांच्यामधल्या त्या अंतरात हजारो माणसे गेली.

महावादळानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर १९९९ मध्ये, ओडिशाने आपत्तीनिवारणासाठी स्वतंत्र राज्य प्राधिकरण स्थापन केले. देशातील अशा तऱ्हेची ही पहिली संस्था. पुढच्या वीस वर्षांत तिने जे केले त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : नकाशावरच्या पट्ट्याचे नावानिशी यादीत रूपांतर केले. कोणत्या गावात कच्ची घरे कोणाची, अंथरुणाला खिळलेली माणसे कोण, दिवस भरत आलेल्या बाया कोण, त्यांच्यापासून जवळचा निवारा कोणता आणि त्याचा रस्ता पावसात टिकतो की नाही, हे वादळाच्या आधी माहीत असले पाहिजे असे ठरले. प्रत्येक निवाऱ्याला गावकऱ्यांची देखभाल समिती जोडली गेली. शोध व बचाव, प्रथमोपचार, निवाऱ्याची व्यवस्था अशा तुकड्यांत गावातीलच तरुण-तरुणींना शिक्षण दिले गेले. जनित्र, पडलेली झाडे कापण्याची करवत, जीवरक्षक जाकिटे, ध्वनिक्षेपक, मोठ्या चुली ही सामग्री तेथे ठेवली गेली. स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालये बांधली गेली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सोयीने किती कुटुंबांचे पाऊल घराबाहेर पडले असेल, याचा अंदाज कोणत्याही संसारी माणसाला यावा.

येथेच शाळेचे महत्त्व दिसते. केवळ वादळासाठी बांधलेली आणि एरवी कुलूपबंद राहणारी इमारत काही वर्षांत मोडकळीस येते. दारे गंजतात, पाण्याची टाकी फुटते, किल्ली कोणाकडे आहे हे कोणास ठाऊक नसते. ज्या इमारतीत रोज शंभर मुले येतात तिची गळती पहिल्याच पावसात कळते. तिचा रस्ता प्रत्येक घरातल्या लहान मुलाला पाठ असतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती परकी वाटत नाही. सरकारी छावणीत जाण्यास जी आई कचरते, तीच आई आपल्या मुलाच्या वर्गात रात्रभर बसण्यास तयार होते. विश्वास अशा रीतीने रोजच्या वापरातून साठतो. संकटाच्या दिवशी तो एकाएकी निर्माण करता येत नाही.

या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा १२ ऑक्टोबर २०१३ रोजी झाली. ‘फायलिन’ चक्रीवादळ गोपालपूरजवळ ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने आले. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते. ओडिशातील मृतांची संख्या, नंतरचे पूर धरूनही, पन्नासच्या आत राहिली. चौदा वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की निराळे भाष्य करावे लागत नाही.

दुसरी परीक्षा पुरीची. मराठी माणसाला हे नगर अनोळखी नाही. चारधामांपैकी एक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मराठी यात्रेकरू तेथे जात आले आहेत. जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ अठराव्या शतकात, ओडिशावर मराठ्यांचा अंमल असताना, कोणार्कहून आणून तेथे उभा केला गेला. या नगराला वर्षभर पाहुणे असतात. समुद्राकाठी हॉटेलांची रांग आणि तिच्याच पलीकडे पेंठकटा ही मच्छीमारांची दाट वस्ती. म्हणजे स्थलांतर करावयाचे ते दोन प्रकारच्या माणसांचे : ज्यांना गावाची काहीच माहिती नाही असे पाहुणे, आणि ज्यांना समुद्राची इतकी सवय आहे की त्याची भीती वाटेनाशी झाली आहे असे नाखवे.

एप्रिल २०१९ च्या अखेरीस विषुववृत्ताजवळ तयार झालेले एक वादळ अनेक दिवस समुद्रावरून वर सरकत राहिले. बांगलादेशाने सुचवलेले त्याचे नाव ‘फोनी’. मूळ संस्कृत ‘फणी’, म्हणजे नाग. पिडिंग्टन यांच्या वेटोळ्याची आठवण करून देणारे हे नाव. ३ मे रोजी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ते पुरीजवळ जमिनीवर आले. वारा ताशी १७५ ते १८० किलोमीटर, झोत २०५ पर्यंत. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर होती, त्या दिवशी रथयात्रेच्या रथांचे काम सुरू व्हावयाचे होते. वादळापूर्वीच पर्यटकांना गाव सोडण्यास सांगितले गेले आणि त्यांच्यासाठी विशेष गाड्या सुटल्या. राज्यभर सुमारे २६ लाख संदेश मोबाइलवर गेले. किनाऱ्यावर ४८० किलोमीटरच्या पट्ट्यात उभारलेल्या १२२ मनोऱ्यांवरील भोंग्यांची व्यवस्था हाताशी होती. त्रेचाळीस हजार स्वयंसेवक घरोघर फिरले. सुमारे बारा लाख माणसे एका दिवसाच्या आसपास हलली.

ही माणसे राहिली कोठे? खास निवारे त्या वेळी आठशेहून अधिक होते. प्रत्यक्षात उघडले गेलेले निवारे मात्र सुमारे नऊ हजार, आणि त्यांना जेवण पुरवणारी स्वयंपाकघरे सुमारे सात हजार. म्हणजे खांबांवरच्या इमारती अपुऱ्या पडल्या, तेव्हा साध्या पक्क्या शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक इमारती उघडाव्या लागल्या. रांगेने लावलेले बाक भिंतीकडे सरकवून, फळ्यावरचा शेवटचा धडा तसाच ठेवून, राज्य त्या रात्री शाळांत झोपले. पुढे करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये ‘अम्फान’ आले, तेव्हा माणसामाणसांत अंतर राखण्यासाठी आणखी शाळांची दारे उघडावी लागली.

तरीही ‘फोनी’चा हिशेब सर्वस्वी समाधानाचा नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ओडिशात ६४ माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक पुरी जिल्ह्यातली. समुद्राने त्यांना नेले नाही. भिंती कोसळल्या, झाडे पडली, उडालेले पत्रे लागले. पाण्याचा पट्टा रिकामा झाला होता. वाऱ्याचा पट्टा तितका रिकामा झाला नव्हता. ज्यांचे घर समुद्रापासून दूर होते त्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटले, पण घर दूर असले तरी कच्चे होते. पुढे पुरीत कित्येक आठवडे वीज नव्हती. नारळ, आंबा, काजू आणि पानाचे मळे आडवे झाले. जीव वाचलेल्या माणसाला उपजीविका मिळण्यास वर्षे लागतात. एक नारळ लावला तर त्याला फळ धरेपर्यंत लहान मूल शाळेत जाऊ लागते. माणसाला एका रात्रीपुरते हलवण्याची कला साधली. त्याचे घर असे बांधावे की त्याला पुढच्या वेळी हलावेच लागू नये, हे काम अजून बाकी आहे.

निसर्गाने दिलेली आडभिंतही विसरता येत नाही. केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की १९९९ च्या वादळात ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता तेथे मृत्यू कमी झाले. त्याच अभ्यासाने हेही नोंदवले, की सरकारने दिलेल्या इशाऱ्याने वाचवलेले जीव खारफुटीने वाचवलेल्यांहून अधिक होते. झाडे हवीत आणि निरोपही हवा. एक आहे म्हणून दुसऱ्याची उपेक्षा परवडणारी नाही.

हा सारा प्रश्न पूर्व किनाऱ्याचा आहे अशी समजूत पश्चिम किनाऱ्यावर दीर्घकाळ होती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगड जिल्ह्यात धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनारा घासत गुजरातेत गेले. अनेकांचे वाडवडिलांचे घर याच किनाऱ्यावर आहे, आणि त्या घरात आज बहुधा वृद्ध आई-वडील एकटे राहतात. त्यांच्या गावचा निवारा कोणता, त्यांना तेथवर नेणारे कोण, हे शहरात बसलेल्या मुलाला ठाऊक असते काय?

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाने करून ठेवाव्यात. आपले घर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे आणि पाणी चढल्यास ते कोणत्या वाटेने येईल, हे माहीत करून घ्यावे. हवामान खात्याच्या सूचना टप्प्याटप्प्याने येतात : सुमारे तीन दिवस आधी पूर्वसूचना, मग सावधानतेचा इशारा, मग सुमारे चोवीस तास आधी धोक्याचा इशारा आणि शेवटी वादळ जमिनीवर आल्यानंतरचे अनुमान. पहिल्या टप्प्यात तयारी करावी. निघावयाचे ते दिवसाउजेडी, वारा वाढण्यापूर्वी. बंदरांवरच्या धोक्याच्या बावट्यांमध्ये अकरावा क्रमांक सर्वांत शेवटचा, आणि त्याचा अर्थ इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे असा असतो. ती वेळ येईपर्यंत वाट पाहणाऱ्याला पुढचा निरोप मिळत नाही. कागदपत्रे, चष्मा, नेहमीची औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी आणि कोरडे खाणे एका पिशवीत तयार असावे. ओडिशात मदतीच्या गाठोड्यात चूडा आणि गूळ, म्हणजे पोहे आणि गूळ देतात. ती शिदोरी मराठी घरालाही परकी नाही. जनावरे दाव्याला बांधून ठेवू नयेत, मोकळी सोडावीत. आणि वारा एकाएकी थांबून आकाश निवळले तर बाहेर पडू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि थोड्याच वेळात उलट दिशेने तोच वारा पुन्हा येतो.

शाळांनीही आपल्या वाट्याचे काम ओळखावे. रात्री-अपरात्री इमारत उघडावयाची झाल्यास किल्ली कोणाकडे असते? किती माणसे मावतील, पाण्याची टाकी किती तास पुरेल, चाकाची खुर्ची कोणत्या दारातून आत जाईल, स्त्रियांना स्वतंत्र जागा कोठे देता येईल? ज्या गावाला समुद्र नाही त्याला नदी असते, भूकंप असतो, आग असते. वर्षातून एकदा मुलांनी घरातील आजी-आजोबांना हाताला धरून शाळेपर्यंत आणण्याचा सराव केला, तर तो भूगोलाच्या कोणत्याही धड्याहून कमी मोलाचा ठरणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात ‘दाना’ वादळ येण्यापूर्वी ओडिशाने चार हजारांहून अधिक गर्भवती स्त्रियांना वेळेत सुरक्षित ठिकाणी हलवले होते. एवढ्या बायांची नावे कोणाच्या तरी वहीत आधीपासून लिहिलेली होती, म्हणूनच ते शक्य झाले.

साठ वर्षांच्या शाळेजवळ अशी वही असतेच. प्रवेशाच्या नोंदवहीत घर, पत्ता, पालक आणि भावंडे यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. माजी विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री आहेत. कोणाला हाक मारावयाची आणि कोणाच्या दारावर थाप मारावयाची, ही यादी तयार करणे त्यांच्या हातचे आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने इमारतीला रंग लागेल, दारावर तोरण चढेल. त्याच वेळी एका कोऱ्या वहीची पहिली पाने भरली गेली आणि इमारतीच्या किल्लीची दुसरी प्रत शाळेलगतच्या एखाद्या विश्वासू घरात ठेवली गेली, तर पुढच्या साठ वर्षांत कोणत्या तरी रात्री कोणाला तरी ती उपयोगी पडेल.